मदत हवी आहे: मुलीची एमएनएसला (लष्कराच्या नर्सिंग सेवेला) निवड झाली, पण "शत्रूनं नर्सला धरलं तर?" याला घरात काय उत्तर देऊ?

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या एका उपकेंद्रात एएनएम, म्हणजे गावची सरकारी नर्स आहे. माझ्या थोरल्या मुलीचं नाव मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या बी.एस्सी. नर्सिंगच्या निवड यादीत आलं आहे. नीट, मग लष्कराची परीक्षा, मुलाखत, मेडिकल, सगळं तिनं स्वतः पार केलं. आमच्या गावातून लष्करात गेलेली मुलगी अजून नाही. यादी आली त्या दिवशी मी उपकेंद्रात लसीकरणाला बसले होते, तिथल्या बायांनीच साखर वाटली.

घरात मात्र वातावरण वेगळं आहे. मुलीच्या चुलत भावानं मोबाईलवर एक व्हिडिओ लावला. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैनिकांनी ऑस्ट्रेलियाच्या नर्सना समुद्राच्या पाण्यात उभं करून गोळ्या घातल्या, असं त्यात होतं. सासूबाईंनी तो शेवटपर्यंत बघितला आणि तेव्हापासून एकच बोलतात, "माय, लेकरू शिकवून सवरून बंदुकीच्या तोंडी काहून द्यावं? नर्सच व्हायचंय तर परभणीला हो, संभाजीनगरला हो." नणंदबाईंचंही तेच म्हणणं. मुलीचे वडील काहीच बोलत नाहीत, आणि बाँडच्या कागदावर सही त्यांची लागणार आहे.

सासूबाईंना मी अडाणी म्हणणार नाही. एकाहत्तरच्या लढाईच्या वेळी त्यांच्या माहेरचा एक मुलगा पलटणीत होता, त्याच्या घरचे कसे रेडिओला कान लावून बसायचे ते त्यांनी पाहिलेलं आहे. त्यांचा प्रश्न खरा आहे आणि त्याला खरं उत्तर द्यायला पाहिजे. "असं काही होत नसतं" असं सांगून मला त्यांना गप्प करायचं नाही. मी स्वतः रात्री-अपरात्री बाळंतपणाला जाते, भीती काय असते ते मला ठाऊक आहे.

म्हणून इथल्या जाणकारांना विचारते. लष्करी नर्स शत्रूच्या हाती सापडल्या असं खरोखर कुठे कुठे घडलं? त्यांचं पुढं काय झालं? आणि आज कायदा काय सांगतो? गोड करून सांगू नका, जसं आहे तसं सांगा.

—

गोदाकाठ (नांदेड)

ताई, आधी मुलीचं अभिनंदन. मी इतिहास शिकवतो. तुम्ही म्हणालात तसं, जसं आहे तसं सांगतो.

व्हिडिओतली घटना खरी आहे. सिंगापूर पडायच्या बेतात असताना १२ फेब्रुवारी १९४२ ला ऑस्ट्रेलियन लष्कराच्या ६५ नर्स 'व्हायनर ब्रूक' नावाच्या जहाजानं निघाल्या. १४ तारखेला सुमात्राजवळ बांका बेटापाशी जपानी विमानांनी ते जहाज बुडवलं. १२ जणी समुद्रातच गेल्या. २२ जणी राडजी नावाच्या किनाऱ्याला लागल्या. सोबत जखमी माणसं होती, त्यांना सोडून जायचं नाही म्हणून त्या तिथंच थांबल्या. १६ तारखेला जपानी सैनिकांनी त्यांना समुद्राकडे तोंड करून पाण्यात चालायला लावलं आणि मागून मशीनगन चालवली. २१ जणी मेल्या. व्हिव्हियन बुलविंकल ही एकटी वाचली. गोळी तिच्या कमरेजवळून आरपार गेली होती. ती मेल्यासारखी पाण्यावर पडून राहिली, नंतर जंगलात लपली, तिथंही एका जखमी ब्रिटिश सैनिकाची शुश्रूषा करत राहिली आणि शेवटी दोघांनी शरणागती पत्करली. युनिफॉर्मला पडलेलं गोळीचं भोक तिनं पाण्याची बाटली पुढं धरून झाकलं, कारण ती हत्याकांडाची साक्षीदार आहे हे कळलं असतं तर तिला जिवंत ठेवलं नसतं. छावणीतल्या मैत्रिणींनीही ते गुपित युद्ध संपेपर्यंत पाळलं. १९४६ मध्ये तिनं टोकियोच्या युद्धगुन्ह्यांच्या न्यायाधिकरणापुढे उभं राहून साक्ष दिली.

तिला धरून ३२ जणी कैदेत होत्या. जपान्यांनी त्यांना लष्करी माणसं मानलंच नाही, नागरी बायका-मुलांच्या छावण्यांत टाकलं. साडेतीन वर्षं मुंतोक, पालेंबांग, असं एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलवत राहिले. मलेरिया आणि उपासमारीनं त्यातल्या ८ जणी गेल्या. ६५ पैकी घरी परतल्या २४. तुमच्या सासूबाईंची भीती या आकड्यावर उभी आहे आणि आकडा खरा आहे.

पण त्याच युद्धातली दुसरी गोष्टही त्यांना सांगा, ती व्हिडिओवाले सांगत नाहीत. फिलिपिन्समध्ये आधी मनिला आणि मग बटान, कोरेगिदोर ही अमेरिकेची ठाणी पडली, तेव्हा अमेरिकेच्या लष्कराच्या आणि नौदलाच्या मिळून ७७ नर्स कैद झाल्या. मनिलाच्या सांतो तोमास विद्यापीठाची छावणी केली होती, तिथं त्यांना ठेवलं. त्यांची प्रमुख मॉड डेव्हिसन, पन्नाशी उलटलेली बाई. तिनं पहिल्यापासून शिस्त लावली: प्रत्येकीनं युनिफॉर्म घालायचा आणि रोज छावणीच्या दवाखान्यात ड्युटी करायची. नौदलाच्या ११ जणी १९४३ मध्ये लोस बान्योसला गेल्या, तिथंही लॉरा कॉब यांच्या हाताखाली त्यांनी दवाखाना चालवला. शेवटी शेवटी दिवसाला जेमतेम ७०० कॅलरी पोटात जात होत्या. भिंतीला धरून चालायची वेळ आली, तरी ड्युटीचा तक्ता मोडला नाही. फेब्रुवारी १९४५ मध्ये दोन्ही छावण्या सुटल्या आणि ७७ च्या ७७ जिवंत बाहेर आल्या. तुम्ही एएनएम आहात, रोजच्या कामानं माणूस कसं उभं राहतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

जाता जाता एक. त्या युद्धात आपला मुलूखही होता. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. हैदराबाद संस्थानाची पलटण मलायात कोटा भारूच्या विमानतळावर तैनात होती आणि डिसेंबर १९४१ मध्ये जपानी सैन्य पहिल्यांदा उतरलं ते तिथंच. त्यामुळे ही दूर कुठली परक्यांची गोष्ट म्हणून मी वर्गात शिकवत नाही.

—

बालाघाट (बीड)

इराकमधल्या आपल्या नर्सचं पण सांगा की घरी. २०१४ मध्ये तिक्रीतच्या दवाखान्यात आपल्या ४६ नर्स, बहुतेक केरळच्या, अडकल्या होत्या, अतिरेक्यांनी त्यांना मोसुलला नेलं आणि ५ जुलैला सगळ्या सुखरूप कोचीला उतरल्या. त्या साध्या खासगी नोकरीवर गेलेल्या मुली होत्या, लष्कराच्या नव्हत्या. संकट यायचं तर युनिफॉर्म नसतानाही येतं, एवढंच म्हणायचं आहे.

—

निवृत्त सिस्टर (छत्रपती संभाजीनगर)

ताई, मी एमएनएसमधूनच निवृत्त झाले. माझ्या आईनंही हाच प्रश्न विचारला होता.

आधी कायदा. १९२९ च्या जिनिव्हा करारातही वैद्यकीय कर्मचाऱ्यांना युद्धकैदी करता येत नाही, त्यांना परत पाठवायचं, असं होतं. जपाननं जखमी आणि आजारी सैनिकांबद्दलचा तो करार स्वीकारलेला होता, तरी बांका बेटावर जे घडलं ते घडलं. हे तुम्ही सासूबाईंपासून लपवू नका. १९४९ मध्ये चार नवे करार झाले. त्यांत लष्करी डॉक्टर आणि नर्स शत्रूच्या हाती पडल्या तर त्यांना 'युद्धकैदी' समजायचं नाही असं स्पष्ट लिहिलं आहे. कैद्यांच्या तब्येतीसाठी गरज असेल तेवढ्यापुरतं त्यांना ठेवून घेता येतं, नाहीतर आपल्या देशाकडे पाठवायचं. ठेवून घेतलं तरी कामही रुग्णसेवेचंच द्यायचं, ते शक्यतो आपल्याच सैनिकांसाठी, दुसरं कुठलंही काम लादता येत नाही. युद्धकैद्यांना मिळणारं संरक्षण त्यांना किमान मिळालंच पाहिजे. बायकांची झोपण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय वेगळी हवी. भारतानं हे करार १९५० मध्ये, पाकिस्ताननं १९५१ मध्ये आणि चीननं १९५६ मध्ये मान्य केले. आपल्याकडे त्यासाठी १९६० चा स्वतंत्र कायदाही आहे. मुलीला पुढं रेड क्रॉसचं चिन्ह असलेलं ओळखपत्र आणि दंडावर बांधायची पट्टी यांबद्दल शिकवतील, ती या कायद्याची खूण आहे.

१९५४ मध्ये व्हिएतनामच्या दिएन बिएन फूला फ्रेंचांचा तळ पडला, तेव्हा जनव्हिएव्ह द गलार नावाची त्यांच्या हवाई दलाची नर्स आत अडकली होती. ७ मे ला तळ पडला, २४ मे ला तिला सोडलं. मधल्या दिवसांत ती आपल्या जखमींची सेवाच करत होती. ती पुढं वयाच्या ९९ व्या वर्षापर्यंत जगली.

आता नोकरीचं. आमच्या पोस्टिंग मिलिटरी हॉस्पिटलमध्ये असतात. पुणे, मुंबई, लखनौसारखी मोठी हॉस्पिटलं आहेत, तशी लेह आणि तेजपूरसारख्या सरहद्दीकडच्या भागातलीही आहेत. बंदूक घेऊन पुढच्या खंदकात नर्सला पाठवत नाहीत. जखमी जवान आमच्यापर्यंत आणला जातो. पण लष्करात धोका शून्य असतो असं मी लिहिणार नाही. मी एवढ्या वर्षांत जे पाहिलं त्यावरून सांगते, आमच्या मुलींना रोजचा त्रास होतो तो बदल्यांचा, लांब राहिलेल्या घराचा आणि वॉर्डात डोळ्यांसमोर गेलेल्या पोरांचा. घरच्यांनी तयारी करायची असेल तर याची करा. पहिल्यांदा विशीतला जवान हातात गेला की मुलगी रात्री फोन करेल, तेव्हा तो फोन उचलणारं कुणीतरी हवं.

—

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सरांनी लिहिलेलं मी काल रात्री सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. २१ जणींचंही वाचलं, गाळलं नाही. त्या ७७ जणींच्या दवाखान्याचं त्यांनी परत वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "ती मोठी बाई होती म्हणून पोरी जगल्या." मुलीचे वडील पहिल्यांदा बोलले. त्यांनी विचारलं, धरलं तर घरच्यांना कळतं का? बटानच्या त्या बायकांच्या आयांना कळलं होतं का? सिस्टर, याचं काही सांगाल?

—

निवृत्त सिस्टर

त्या काळी फार हाल झाले. जपान्यांच्या छावण्यांतून पत्रं क्वचित आणि महिनोन्‌महिने उशिरा निघायची. सुमात्रातल्या ऑस्ट्रेलियन नर्सचा ठावठिकाणा तर युद्ध संपल्यावर, सप्टेंबर १९४५ मध्ये लागला.

आजच्या करारात यासाठी वेगळं कलम आहे. छावणीत पोचल्यापासून जास्तीत जास्त आठवड्याभरात कैद्याला एक छापील कार्ड लिहू द्यावं लागतं: मी कुठे आहे, तब्येत कशी आहे. एक कार्ड घरी आणि एक जिनिव्हाच्या रेड क्रॉसच्या कचेरीत जातं, म्हणजे शत्रूला माणूस दडवता येऊ नये. ठेवून घेतलेल्या नर्सलाही हा हक्क आहे. रेड क्रॉसचे प्रतिनिधी छावणीत येऊन कैद्यांशी एकट्यानं बोलू शकतात. मुलीच्या वडिलांना हे नक्की सांगा. आणि सहीआधी बाँडचा कागद पूर्ण वाचा. मध्येच शिक्षण सोडलं तर पैसे भरावे लागतात, घाईत तेवढंच वाचायचं राहून जातं.

—

धागाकर्ती

वाचून दाखवते आजच. बाँड आम्ही दोघं बसून वाचणार आहोत, तालुक्याच्या वकिलांनाही दाखवू. सासूबाई अजून हो म्हणाल्या नाहीत, पण मुलीची पेटी कुठली घ्यायची याची चौकशी त्यांनी नणंदेकडे केली आहे.

आता दुसरी मदत हवी. ज्यांच्या मुली सध्या पुण्याला किंवा मुंबईच्या अश्विनीला (नौदलाच्या हॉस्पिटलला) पहिल्या वर्षाला आहेत, त्यांनी सांगा: जाताना सोबत काय काय द्यावं लागलं, आणि पहिले काही महिने फोन किती वेळा करू देतात?