जनुक ‘बंद’ असतं म्हणजे काय? आणि रिप्रेसरला मराठीत काय म्हणावं?

पेट्रीबशी: ‘जनुक चालू-बंद होणे’ शास्त्रीय लेखात चालेल का? कोशात रिप्रेसरला ‘दमनक’ दिलंय.

खलबत्ता: चालेल, फक्त ‘बंद’ म्हणजे विझलेला दिवा नव्हे, गळका नळ. ई. कोलाय या जिवाणूचा लॅक ऑपेरॉन घ्या, म्हणजे लॅक्टोज (दुधातली साखर) वापरायला लागणाऱ्या, एकत्र चालू-बंद होणाऱ्या जनुकांचा संच. त्यावरूनच जाकोब आणि मोनो या शास्त्रज्ञांनी १९६१ साली जनुक-नियमनाची कल्पना मांडली. लॅक्टोज नसताना रिप्रेसर प्रथिन ऑपरेटर या डीएनएच्या तुकड्यावर ठाण मांडतं आणि पुढच्या जनुकांचं वाचन, म्हणजे आरएनए-प्रत काढणं, अडतं. पण ते मधूनच सुटतं, तेवढ्यात एखादी आरएनए-प्रत निघून जाते. ही गळती हवीच. लॅक्टोजला पेशीत घेणारं परमिएज याच ऑपेरॉनमधलं, आणि त्या लॅक्टोजचं ॲलोलॅक्टोज करणारं बीटा-गॅलॅक्टोसिडेजही. रिप्रेसरला सोडवतं ते ॲलोलॅक्टोज. दोन्ही प्रथिनांचे चार-दोन रेणू आधीपासून नसते, तर लॅक्टोज दारात येऊनही ऑपेरॉन उघडला नसता.

दहीपोहे: मग ‘अडसर’ म्हणा! ‘दमनक’ वाचलं की करटक आठवतो. दमनात जोरजबरदस्ती येते. हे प्रथिन नुसतं आडवं बसतं. इंड्युसरला, म्हणजे ॲलोलॅक्टोजसारख्या रेणूला, ‘प्रेरक’ म्हणणंही फसवं. ॲलोलॅक्टोज कुणाला प्रेरणा देत नाही, अडसर काढतं.

पेट्रीबशी: अडसर निघाला की जनुक ‘चालू’?

खलबत्ता: अर्धवट. ग्लुकोज असेल तर सीएएमपी हा संदेशवाहक रेणू कमी राहतो, मग त्याच्या मदतीने बसणारं कॅप प्रथिन प्रमोटरशेजारी (जिथून वाचन सुरू होतं त्या तुकड्याशेजारी) बसत नाही आणि आरएनए-प्रत काढणाऱ्या आरएनए पॉलिमरेजची पकड ढिली राहते. दार उघडं, पण आत येणारे मोजके.

प्रयोगशाळेत हव्या त्या प्रथिनाचं जनुक याच अडसरामागे ठेवतात आणि अडसर काढायला आयपीटीजी हे ॲलोलॅक्टोजसारखं कृत्रिम रसायन वापरतात, कारण पेशी ते पचवत नाही आणि अडसर पुन्हा लागत नाही. ६०० नॅनोमीटरला ओडी (जिवाणू वाढल्याने येणाऱ्या गढूळपणाचं माप) साधारण ०.६ झाली की ०.१ ते १ मिलिमोलर घालायचं. हवं असलेलं प्रथिन पेशीला विषारी असेल, तर आयपीटीजीच्या आधीच्या गळतीनेच वाढ खुंटते किंवा प्लास्मिड (ते जनुक वाहणारं डीएनएचं कडं) टिकत नाही. म्हणून त्याआधीच्या माध्यमात १ टक्का ग्लुकोज ठेवतात. प्रोटोकॉलमध्ये ‘जनुक बंद ठेवा’ लिहिण्यापेक्षा ‘गळती कमी ठेवा’ लिहा. वाचणारा ग्लुकोज विसरणार नाही.

दहीपोहे: आपल्या पेशींत जनुक बंद ठेवणाऱ्या डीएनए मिथिलेशनला मात्र ‘अडसर’ नको. सायटोसिन या डीएनएच्या घटकावरची ती रासायनिक खूण पेशी विभागताना नव्या धाग्यावरही उतरवली जाते. त्याला ‘कुलूप’ शोभेल.

पेट्रीबशी: ‘अडसर’ घेते. कंसात ‘रिप्रेसर’ पहिल्या वेळी तरी लागेलच.