कम्पॅटिबिलिटी मोडने १६-बिट प्रोग्रॅम चालणार नाही
जुना प्रोग्रॅम नव्या विंडोजवर कसा चालवायचा, या प्रश्नावर कम्पॅटिबिलिटी मोडमध्ये (प्रोग्रॅमला जुनी विंडोज असल्याचं भासवणारी सेटिंग) विंडोज ९८ निवडा, असं एकाने वर सुचवलंय. प्रोग्रॅम ३२-बिट असेल तर जरूर करून बघा, पण डॉसच्या (विंडोजच्या आधीची, कमांड टाइप करून चालवायची प्रणाली) काळातला १६-बिट प्रोग्रॅम त्याने चालणार नाही. ६४-बिट विंडोजमध्ये तो चालवणारा एनटीव्हीडीएम हा भागच नाही.

आमच्या दुकानाची जुनी खतावणी डॉसमधलीच. विंडोज १० वर डॉसबॉक्स (डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम) टाकलं, माउंट कमांडने फोल्डर जोडला आणि ती निळी स्क्रीन, १९९६ पासूनची उधारी, सगळं जसंच्या तसं समोर! वडिलांनी तर सवयीने लगेच एफ२ दाबून खातं उघडलं. फक्त प्रिंट निघेना. साध्या डॉसबॉक्समध्ये प्रिंटरची सोय नाही, त्यावरूनच बनवलेल्या डॉसबॉक्स-एक्समध्ये आहे. ते घेतल्यावर पावत्या निघू लागल्या. मूळ फोल्डरची कॉपी मात्र आधी काढून ठेवा.