जुना प्रोसेसर, नवं नाव, चढा भाव: ही फसवणूक नाही तर काय?

कृष्णाकाठ:
भाचीला बीसीएला प्रवेश मिळाला. बहिणीने भिशी उचलली, उरलेले मी घातले आणि गेल्या महिन्यात ५८,००० रुपयांचा लॅपटॉप घेतला. बहिणीने दुकानात एकच प्रश्न विचारला होता, "कॉलेजच्या कामाला तीन वर्षं पुरेल ना?" उत्तर आलं, "ताई, लेटेस्ट सिरीज आहे, निर्धास्त राहा."

तिसऱ्या आठवड्यात भाचीचा फोन आला, "मामा, एम्युलेटर लावला की सगळं अडकतं." एम्युलेटर म्हणजे ॲप तपासण्यासाठी लॅपटॉपच्या पडद्यावरच चालणारा नकली फोन. रविवारी सांगलीला गेलो आणि तिच्या शेजारी बसून टास्क मॅनेजर, म्हणजे किती मेमरी वापरात आहे ते दाखवणारी खिडकी, उघडला. रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, ८ जीबी, पण थोडी ग्राफिक्सने राखून ठेवलेली, म्हणून हाताशी ७.३. ब्राउझर, अँड्रॉइड स्टुडिओ (फोनची ॲप बनवायचा प्रोग्राम) आणि एम्युलेटर चालू केल्यावर वापर ९४ टक्के. माउसचा बाण जागच्या जागी थांबला. मॉडेल नंबर घेऊन शोधाशोध केली तेव्हा दोन गोष्टी कळल्या. रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली, म्हणजे कायमची चिकटवलेली, वाढवायला स्लॉटच नाही. आणि प्रोसेसरचं नाव नवं असलं तरी आतले कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, काही वर्षांपूर्वीच्या पिढीचे.

कंपनीचं आणि दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण हा प्रकार कुणा एकाचा नाही. चिप बनवणाऱ्या एएमडी कंपनीने २०२२ मध्ये लॅपटॉप चिपच्या नावांची नवी पद्धत आणली. 'रायझन ५ ७५२०यू' हे नाव घ्या. पहिला ७ म्हणजे २०२३ चं मॉडेल. कोअर कुठल्या पिढीचे हे सांगतो तिसरा आकडा, २, म्हणजे झेन २ ही रचना. झेन २ बाजारात आलं २०१९ मध्ये. दुकानात जाणाऱ्या बाईने हे कसं ओळखायचं? दुसरी चिप कंपनी इंटेलने २०२३ च्या शेवटी या नामकरणावर जाहीर टीका केली, आणि जानेवारी २०२४ मध्ये स्वतः आपल्या नव्या 'कोअर अल्ट्रा' मालिकेच्या शेजारी 'कोअर ५ १२०यू' आणून ठेवला, ज्यात आधीच्याच पिढीचे कोअर आहेत.

खोक्यावर एमआरपी असते, उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. तिथेच कोअर कुठल्या सालचे आहेत हेही छापणं सक्तीचं करा, एवढंच माझं म्हणणं आहे.

सिलिकॉनसंध्या:
तुमच्या भाचीबद्दल वाईट वाटलं, पण निष्कर्ष पटला नाही. मी चिप डिझाइनमध्ये काम करते. जुने कोअर म्हणजे जुनी चिप नव्हे. तुम्ही उदाहरण दिलेल्या ७५२०यूमध्ये कोअर झेन २ चे असले तरी चिप ६ नॅनोमीटरच्या बारीक निर्मितीपद्धतीने नव्याने बनवलेली आहे, मेमरी (एलपीडीडीआर५) आणि ग्राफिक्स (आरडीएनए २) त्या कोअरपेक्षा नव्या पिढीचं आहे. स्वस्त, कमी वीज खाणाऱ्या लॅपटॉपसाठी ती मुद्दाम छोटी ठेवली. पत्रव्यवहार, टॅली, ऑनलाइन वर्ग यांना ती पुरून उरते.

आणि साल छापलं तर लोक जास्त फसतील. इंटेलचा एन१०० हा २०२३ चा, चार छोट्या, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या आणि कमी ताकदीच्या, कोअरचा. रायझन ७ ५८००एच २०२१ चा, आठ मोठ्या कोअरचा. भाचीच्या कामाला जुनाच कितीतरी सरस. खोक्यावर साल वाचून तुमच्या ताईंनी एन१०० उचलला असता. चूक सालाची नाही, कामाला साजेसं यंत्र निवडलं गेलं नाही ही आहे.

सोलापुरी गाळा:
मी २२ वर्षं सोलापुरात कॉम्प्युटर विकतो, म्हणून या बाजूचंही ऐका. गिऱ्हाईक दारात आलं की पहिला प्रश्न, "आय ५ आहे का?" कितवी पिढी हे दहातला एक विचारतो. दुसरी मागणी, "वजनाला हलका दाखवा." हलका आणि पातळ करायचा म्हणून कंपन्या रॅम सोल्डर करतात. मग भाव. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी, माल डॉलरच्या हिशेबाने येतो, आणि २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे भडकले की सकाळचं कोटेशन संध्याकाळी पाळणं अवघड झालं. ५८,००० मधला मोठा हिस्सा दुकानदाराच्या खिशात जातो असं कुणी समजू नये. कंपनीने जी पाटी लावून पाठवलं तेच आम्ही वाचून दाखवतो.

लॅबवाल्या बाई:
सोलापूरकर दादा, गिऱ्हाईक 'आय ५' विचारतं कारण इतकी वर्षं जाहिरातींनी त्याला तेवढंच शिकवलं. आय ५ हे नाव २००९ मध्ये आलं. त्या एका नावाखाली किती पिढ्या होऊन गेल्या, हे शेतकऱ्याच्या मुलाने कुठून शिकावं?

मी कॉलेजच्या लॅबमध्ये आहे, दरवर्षी जूनमध्ये हेच बघते. मागच्या वर्षी एक मुलगा असेंबल केलेला पीसी घेऊन आला. बिलावर 'आय ७, १६ जीबी, ५१२ एसएसडी, न्यू' इतकंच. कॅबिनेट नवंकोरं, आत रंगीत दिवे. उघडून बघितलं तर एच६१ चिपसेटचा बोर्ड, म्हणजे २०११ ची रचना, आणि वर तिसऱ्या पिढीचा वापरलेला प्रोसेसर. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या मुलाच्या वडिलांनी सोसायटीतून उचल घेतली होती. बिलावर पिढीचा एक आकडा लिहिला असता तर त्यांनी चार ठिकाणी विचारलं असतं. तो आकडा गाळला गेला, आणि माझ्या मते तो जाणूनबुजून गाळला गेला.

सिलिकॉनसंध्या:
बाई, वापरलेला प्रोसेसर 'न्यू' म्हणून विकणं ही उघड लबाडी आहे, तिथे माझा वाद नाही. कंपनीने नवी चिप काढून तिचं नाव गोंधळाचं ठेवणं ही वेगळी गोष्ट. दोन्ही एका तागडीत घालू नका.

पेठेतला डिझायनर:
सगळे 'माहिती द्या' म्हणताय, पण माहिती असूनही लूट होते. ॲपलने डिसेंबर २०१३ मध्ये नळकांड्याच्या आकाराचा मॅक प्रो हा कॉम्प्युटर आणला. एप्रिल २०१७ मध्ये त्यांनीच निवडक पत्रकारांना बोलावून कबूल केलं की त्या रचनेत उष्णतेची अडचण आहे आणि यंत्र पुढे नेता येत नाही. त्या वेळी त्याच पैशात थोडे जास्त कोअर दिले, पण मूळ यंत्र तेच आणि सुरुवातीची किंमत तीच, २,९९९ डॉलर. ते डिसेंबर २०१९ पर्यंत विकलं. इथे लपवलेलं काही नव्हतं, सगळ्या जगाला साल ठाऊक होतं. पण व्हिडिओ आणि डिझाइनचं काम ज्यांचं त्या प्रणालीवर बसलेलं, ते जाणार कुठे? माझ्या दृष्टीने दुखणं भावाचं आहे. वस्तू जुनी होते तसा भाव उतरला पाहिजे.

आणि ओरडल्याने फरक पडतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये एम३ चिपचा १४ इंची मॅकबुक प्रो लॅपटॉप भारतात १,६९,९०० ला आला, तोही ८ जीबी रॅमचा. ॲपलचे एक उपाध्यक्ष म्हणाले, आमचे ८ जीबी इतरांच्या १६ सारखे. जगभर लोकांनी चाचण्या करून दाखवल्या, टीका झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मॅकबुक एअरसुद्धा त्याच किमतीत ८ वरून १६ जीबीवर नेला.

सोलापुरी गाळा:
डिझायनर साहेब, भाव उतरवा म्हणणं सोपं आहे. माझ्याकडे सहा महिने पडलेला माल मी तोट्यात काढतो, कंपनी त्याचे पैसे दर वेळी परत देत नाही. वरून किंमत उतरली नाही तर खाली मी कशी उतरवू?

कृष्णाकाठ:
संध्याताई, एन१०० चं उदाहरण बिनतोड आहे. नुसतं साल छापा ही मागणी मी मागे घेतो. त्याऐवजी कोअरची पिढी, मोठे कोअर किती आणि छोटे किती, आणि रॅम वाढवता येते की नाही, या गोष्टी मोठ्या अक्षरात, मराठीत छापाव्यात.

पण 'निवड चुकली' हे मी मानणार नाही. बहिणीने अचूक प्रश्न विचारला होता. तिला नॅनोमीटर कळत नाही, पण तीन वर्षांचं काम कळतं. तिच्या प्रश्नाला जे उत्तर मिळालं ते खोटं होतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूचा दर्जा, प्रमाण, किंमत यांची माहिती मिळणं हा हक्क म्हणून लिहिलेलं आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवणार आहे. आणि गाळेवाले दादा, कंपनीची पाटी वाचून दाखवता म्हणालात, तर 'यात रॅम वाढणार नाही' हे एक वाक्य स्वतःहून सांगायला खर्च किती येतो?

सोलापुरी गाळा:
खर्च गिऱ्हाईकाचा येतो. मी खरं सांगितलं की ते शेजारच्या गाळ्यात जातं, तिथे त्याला हे कुणी सांगत नाही. तरी तुमच्या बहिणीची गोष्ट वाचून मनाला लागलं. उद्यापासून माझ्या कोटेशनवर दोन ओळी वाढवतो: प्रोसेसरची पिढी, आणि रॅम वाढते की नाही. पण हे सक्तीने सगळ्यांना लागू झालं तरच टिकेल, एकट्याने मला परवडणार नाही.

सिलिकॉनसंध्या:
रॅमची ओळ हवीच, तिथे मी तुमच्या बाजूची. कोअरच्या पिढीवर माझं मत तेच आहे. कृष्णाकाठ, तोवर एक करा. एम्युलेटर बंद ठेवा. घरातला एखादा जुना अँड्रॉइड फोन घ्या, त्यात डेव्हलपर ऑप्शन्समधून यूएसबी डीबगिंग चालू करा, केबलने जोडा. ॲप थेट फोनवर चालेल आणि रॅमवरचा मोठा भार जाईल.

कृष्णाकाठ:
आत्ताच फोनवरून सांगून करून घेतलं. बहिणीचा कपाटात ठेवलेला, काच तडकलेला फोन जोडला. वापर ८१ टक्क्यांवर आला आणि भाचीचं पहिलं ॲप, तिच्या आईचा भिशीचा हिशेब, फोनवर उघडलं. मनापासून आभार. तक्रार मात्र सोमवारी नोंदवतोच आहे, बिल आणि खोक्याचा फोटो मागवून घेतला आहे.