‘भावनिक खाणे’ याला आपल्याकडचा शब्द कोणता?

खानापूर_वहिनी
तालुक्यातल्या बायकांच्या बैठकीसाठी ताणतणावावरचं एक पान मराठीत करतेय. ‘इमोशनल इटिंग’ला ‘भावनिक खाणे’ लिहिलं होतं. वाचून दाखवल्यावर एक मावशी म्हणाल्या, “म्हणजे नैवेद्य दाखवून भक्तिभावानं खायचं ते?” पोट भरलेलं असतं, पण मन जड झालं म्हणून हात डब्याकडे जातो, त्याला शब्द हवाय. पहिल्याच ओळीत बाईला ‘हे माझंच’ वाटलं पाहिजे.

शहापूरची_सून
खा-खा सुटणे! पोराची दहावीची परीक्षा चालू होती तेव्हा मी रात्री ओट्यापाशी उभी राहून, दिवासुद्धा न लावता, चिरमुऱ्यात शेव कालवून खायची. सासूबाई म्हणायच्या, “काय गे, खा-खा सुटलीय तुला?”

निपाणीकर
खा-खा नको, वखवखही नको. दोन्हींत हावरटपणाचा ठपका आहे. ‘भूक’ आली ‘बुभुक्षा’वरून, भुज् धातूचं इच्छार्थक रूप, म्हणजे खाण्याची इच्छा. पोटाचा त्यात उल्लेखच नाही. ‘मनाची भूक’ लिहा, शुद्ध आणि सोपं.

खानापूर_वहिनी
सर, मनाची भूक म्हटलं की बायकांना भजन नाहीतर वाचन आठवेल. ठपक्याचं मात्र अगदी पटलं. ज्या शब्दानं आजवर बोलणी खाल्ली, तो शब्द कुठली बाई स्वतःबद्दल चारचौघींत उच्चारेल?

चिक्कोडी_अण्णा
आमच्या घरी अर्धं बोलणं कन्नड. ‘बायि चपल’ म्हणतात. तेच घ्या की, सगळ्यांना कळतंय.

निपाणीकर
मराठी पत्रकात कन्नड शब्द कशाला? आधीच इथं मराठी टिकवायची धडपड चाललीय.

चिक्कोडी_अण्णा
‘तूप’ कन्नड ‘तुप्प’वरून आलंय. ते ताटातनं काढणार काय, सर?

आरोग्यसेविका_बेळगाव
बायि चपल म्हणजे जिभेचे चोचले. इथं जिभेला चव कळतच नाही, हाच तर फरक. शब्द कुठलाही घ्या, पण ओळख पटवा. खरी भूक हळूहळू चढते, भाकरी-आमटी काहीही चालतं. ही एकदम उसळते, गोड नाहीतर तळलेलंच मागते, पोट भरलं तरी थांबत नाही आणि मागून अपराधी वाटतं. अचानक धक्का बसला की तोंडाची चव जाते. पण ताण महिनोन्महिने राहिला की अंगात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढलेलं राहतं आणि खाण्याची ओढही वाढते. म्हणजे हा बाईच्या स्वभावाचा दोष नाही, हे पानावर ठळक लिहा.

उपायही लिहा: दुपारचं जेवण चुकवू नये, दिवसभर उपाशी राहिलं की रात्री ओढ दुप्पट होते. डबा मांडीवर न घेता ताटलीत काढून, बसून खावं. त्याआधी दहा मिनिटं थांबून, नेमकं काय खुपतंय ते शेजारणीला सांगून बघावं. लपून, ताबा सुटून खाणं वरचेवर होत असेल किंवा खाल्लेलं मुद्दाम ओकून काढलं जात असेल, तर डॉक्टरांना दाखवावं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे.

शहापूरची_सून
‘स्वभावाचा दोष नाही’ हे मला तेव्हा कुणी सांगायला पाहिजे होतं.

तंबाखूच्या_वखारीतली
आमच्याकडं ताण आला की बायका खात नाहीत, भाजलेल्या तंबाखूची मिश्री लावतात. तंबाखूनं भूक मरते. माझी आई भांडण झालं की चुलीपाशी बसून तासभर बोट हिरड्यांवर फिरवायची, जेवायची नाही. तेही पत्रकात यायला पाहिजे.

आरोग्यसेविका_बेळगाव
नक्की यायला पाहिजे. खाण्याऐवजी मिश्री हा उपाय नव्हे, तोंडाच्या कर्करोगाची वाट आहे ती.

चंदगडकर
मिश्री की मशेरी? आमच्याकडं कोकणाची हद्द लागली की मशेरी.

निपाणीकर
मशेरी. ‘मषी’ म्हणजे काजळी. तंबाखू भाजून काळी करतात, त्यावरून आला असावा.

चिक्कोडी_अण्णा
छे! दात रंगवायच्या मिस्सीवरून आला असेल शब्द. आणि आमच्या बाजारात मिश्रीच मागतात, मशेरी म्हटलं तर दुकानदार तोंडाकडं बघतो.

खानापूर_वहिनी
सध्या ‘मन जड झालं की सुटणारी खा-खा’ असं लिहितेय. ठपका अजून जात नाहीये. बैठक मंगळवारी आहे, कुणाला काही सुचलं तर त्याआधी सांगा.

निपाणीकर
सांगतो. पण मिस्सी वेगळी, ती भाजलेल्या तंबाखूची नसते. दोन्हींची गल्लत करू नका.