'मॉनिटरिंग'ला मराठीत काय म्हणावं? (रानातल्या मातीसाठी शब्द हवा आहे)

मूळ प्रश्न, इंदूर

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे. सरकारी जंगलांत आणि चराईच्या जमिनींवर मातीची प्रकृती वर्षानुवर्षं कशी तपासत राहतात, हा विषय. वाचन झालं, टिपणं झाली, आणि पहिल्याच वाक्याला अडले. 'सॉइल मॉनिटरिंग'ला काय म्हणू?

सरकारी कागदांत 'संनियंत्रण' असतं. पण नियंत्रण म्हणजे ताबा, आणि इथे तर नुसतं बघायचं आहे. 'देखरेख' म्हटलं की मुकादम डोळ्यांपुढे येतो. 'पाळत' चोरावर ठेवतात. 'माती परीक्षण' सगळ्यांना कळतं, पण तो शेताचा शब्द झाला. पिशवीत माती भरली, प्रयोगशाळेत दिली, सामू (pH) आणि सेंद्रिय कर्ब कळला, काम संपलं. 2015 पासून सरकार शेतकऱ्याला देतं त्या मृदा आरोग्य पत्रिकेवर 12 घटक येतात ते याच जातीचे.

मला हवी ती गोष्ट निराळी आहे. तीच जागा, तीच पद्धत, पुन्हा पुन्हा. अमेरिकेच्या वनखात्याने 2009 मध्ये यासाठी एक सोपी रीत छापली. ठरलेल्या बिंदूवर उभं राहायचं, पायाखालची माती बघायची आणि तिला 0 ते 3 यांतला एक वर्ग द्यायचा. 0 म्हणजे धक्का न लागलेली, 3 म्हणजे पार बिघडलेली. पालापाचोळ्याचा थर शिल्लक आहे का, वरची माती सरकली का, दबली का, जळली का, चाकोऱ्या पडल्या का. लाकूडतोडीच्या आधी एकदा बघायचं, नंतर पुन्हा.

('चाकोरी' लिहिताना फार बरं वाटलं. हा शब्द आता 'चाकोरीबाहेरचं जगणं' एवढ्यापुरता उरला आहे. ओल्या रानातून लाकडांचा ट्रॅक्टर गेला की जी पडते ती खरी चाकोरी, आणि तिथे पुढची कित्येक वर्षं रोप धड धरत नाही.)

प्रतिसाद, महू

ताई, मी वनखात्यात नोकरी केली, म्हणून आधी एक सांगतो. 'सार्वजनिक वने' लिहू नका. सार्वजनिक म्हटलं की माणसाला गणपती आठवतो. लोक 'सरकारी जंगल' म्हणतात, खातं 'राखीव' आणि 'संरक्षित' म्हणतं. 1878 च्या कायद्यापासून तेच चालत आलं आहे.

'रेंजलँड'ला, म्हणजे चराईच्या जमिनीला, तुम्ही काय लिहिणार? 'कुरण' लिहिणार असाल तर जपून. कुरण म्हणजे राखलेलं गवत. पेशवाईत सरकारी घोड्यांसाठी कुरणं राखत, तिथे दुसऱ्याचं जनावर शिरलं तर गुन्हा. जिथे गावची गुरं मोकळी चरतात ते 'गायरान'. आपल्या माळव्यात राखलेल्या गवताला 'बीड' म्हणतात आणि गावच्या चराईला महसुली कागदात 'चरनोई'. म्हणजे कुरण आणि बीड एका बाजूला, गायरान आणि चरनोई दुसऱ्या बाजूला. मातीच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. एकीकडे विळा चालतो, दुसरीकडे खूर.

'मॉनिटरिंग'ला 'मागोवा' चालेल का? आम्ही रानात माग काढायचो, त्यावरून सुचलं.

प्रतिसाद, बडोदा

दादांचं कुरणाबद्दल पटलं. त्यात आणखी एक अडचण. वर्तमानपत्रांनी 'भ्रष्टाचाराचं कुरण', 'चराऊ कुरण' लिहून लिहून शब्दाची पार रया घालवली आहे. आमच्याकडे गुजरातीत 'गौचर' म्हणतात, मराठी घरांतही तेच रुळलं आहे.

पण 'मागोवा' मागे बघतो हो. 'शतकाचा मागोवा' घेतात तो गोष्ट घडून गेल्यावर. मॉनिटरिंग करणारा आज खुंटी ठोकतो आणि पुढे पाच वर्षांनी तिथेच परत येतो. 'फेरतपासणी' किंवा 'फेरनोंद' का नको? महसुलात 'फेरमोजणी' आहेच. 'फेर'मध्ये पुन्हा येणं आपोआप आलं.

मूळ लेखिका

फेरनोंद! याच शब्दाभोवती घुटमळत होते. माझ्या मनात अमेरिकेतलाच आणखी एक प्रयोग होता. 1990 मध्ये लुइझियानातल्या जंगलात पहिले तुकडे आखले. कुठे नुसतं खोड उचललं, कुठे अख्खं झाड, कुठे पालापाचोळ्यासकट सगळं, आणि माती तीन प्रमाणांत दाबली. तीन गुणिले तीन, नऊ प्रकार. मग लागवड केली आणि दशकं उलटली तरी त्याच तुकड्यांवर मोजत राहिले. अशा कामाला 'परीक्षण' म्हणवत नाही.

आता दुसरा अडलेला शब्द. चराईच्या जमिनीसाठी तिकडे मातीच्या स्थैर्याची एक छोटी चाचणी आहे. सहा ते आठ मिलिमीटरचा कोरडा खडा चाळणीवर ठेवून पाण्यात बुडवायचा आणि पाच मिनिटं बघायचं. पाच सेकंदांत अर्धाअधिक मोडला तर 1 गुण. पाच मिनिटं टिकला तर पाच वेळा वरखाली बुचकळायचा. त्यानंतरही पाऊण भागाच्या वर उरला तर 6.

मी हे घरी करून पाहिलं. गावाबाहेरच्या गायरानातून दोन खडे आणले, एक गुरांच्या पायवाटेवरचा, एक गवताच्या ठोंबाखालचा. दोन्ही उन्हात वाळवले आणि चहाच्या गाळणीत ठेवून पाण्यात सोडले. वाटेवरच्या खड्यातून बारीक बुडबुडे आले, कडा सुटल्या आणि अर्ध्या मिनिटात गाळणीखाली काळा गढूळ ढग. ठोंबाखालचा तसाच बसून राहिला. केसासारखी मुळं त्याला धरून होती. पाचव्यांदा बुचकळलं तेव्हाही बहुतेक शाबूत. मी ओट्यापाशी खूप वेळ उभी होते. वळवाच्या पहिल्या सरीत त्या पायवाटेचं काय होत असेल, ते तिथेच दिसलं.

तर पहिल्या खड्याचं जे झालं त्याला काय म्हणायचं? 'विरघळला' लिहिलं होतं, पण विरघळतं मीठ. माती पाण्यात विरघळत नाही, तिचे कण एकमेकांना सोडतात.

प्रतिसाद, महू

'सुटला'. 'ढेकूळ सुटलं' म्हणा, कुणालाही कळेल.

प्रतिसाद, इंदूर (राहणार दुसऱ्या टोकाचे)

काकू, एक आठवण करून देतो. लेखात 'मातीची धूप' येणारच. आपल्या इथली मुलं हिंदी शाळेतली, 'धूप' म्हणजे त्यांना ऊन वाटतं. माझ्या पुतणीने 'जमिनीची धूप' वाचून विचारलं, "काका, जमीन उन्हात ठेवायची का?" मराठीत ही धूप स्त्रीलिंगी आहे, धूप 'झाली'. देवापुढचा धूप पुल्लिंगी, तो 'जाळला'. पण आपल्या पोरांना लिंगावरून ओळखता येईलच असं नाही. पहिल्यांदा वापराल तिथे 'जमीन धुपते, म्हणजे पाण्यावाऱ्याने वरची माती निघून जाते' असं अख्खं वाक्य द्या.

प्रतिसाद, बडोदा

'मृदा' कमीत कमी वापरा अशी माझी विनंती. संस्कृतात शब्द 'मृद्', पुढे 'स' आला की संधीने 'मृत्संधारण' व्हायला हवं. ऐकणाऱ्याला ते मृतांचं संधारण वाटेल, आणि 'मृद्संधारण' लिहिलं तर संधी मोडतो. 'माती' लिहिलं की हा प्रश्नच उरत नाही.

मूळ लेखिका

'मृदा' सगळीकडून काढली. शीर्षकात 'रानातल्या मातीची फेरनोंद', आत 'गायरान' आणि 'राखीव जंगल', 'कुरण' फक्त राखलेल्या गवतापुरतं. सरदारपूर आणि सैलाना इथल्या अभयारण्यांचा परिच्छेद आहे, तिथे 'बीड'ही आणते. दोन्ही 1983 ची, तणमोरासाठी राखलेली. पावसाळ्यात तो पक्षी येतो तो या गवतासाठी, आणि गवत उभं आहे ते खालच्या मातीवर.

एकच राहिलं. खुरांनी दबून घट्ट झालेल्या मातीला मी 'चोपण' लिहिलं आहे. आमच्या आजीकडून ऐकलेला शब्द.

प्रतिसाद, महू

नको ताई. चोपण म्हणजे सोडियम वाढून बिघडलेली जमीन. ओली असताना चिकट, वाळली की दगड. तो मातीच्या आतला दोष आहे. खुरांनी झालं असेल तर 'तुडवलेली' लिहा.