अनुभव धागा: ‘अडचणी – निरंक’

नॅकची, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची, समिती येणार म्हणून गेल्या महिन्यात मेंटॉर-मेंटीचे फॉर्म फायलीला लावत बसले होते. लक्ष ठेवायला माझ्या वाट्याला बावीस मुलं. फॉर्मच्या मागच्या बाजूला एक रकाना असतो: ‘विद्यार्थ्याच्या वैयक्तिक/मानसिक अडचणी’. बावीसच्या बावीस ठिकाणी माझ्याच अक्षरात एकच शब्द, निरंक. त्यातल्या एका मुलीने एसवायच्या (दुसऱ्या वर्षाच्या) मध्यावर कॉलेज सोडलं. का सोडलं ते मला वर्षभराने तिच्या मैत्रिणीकडून कळलं. एकाचे वडील वारल्याचं मला ठाऊक होतं, घरी भेटायलाही गेले होते, तरी फॉर्मवर निरंकच. फॉर्म जमा करायची शेवटची तारीख होती आणि तीन वाजता माझं परीक्षेचं सुपरव्हिजन होतं.

आणि हे लिहिणारी मी तेव्हा रोज पहाटे तीनला जागी होऊन पंख्याकडे बघत पडायची. माझा फॉर्म भरणारं कुणी नव्हतं. असतं तरी मी काय सांगितलं असतं ते उघड आहे.

तर या धाग्यावर, निरंकच्या जागी जे यायला हवं होतं ते लिहूया. विद्यार्थी, शिक्षक, ऑफिसातले, लॅबमधले, सगळे या. पथ्यं दोनच. कॉलेजचं किंवा माणसाचं नाव नको. आणि जिवाचं बरंवाईट करण्याचा विषय निघालाच तर ‘कसं’ ते लिहायचं नाही. वाचतानाच ज्यांना जड जातंय त्यांनी आधी १४४१६ फिरवा. टेली मानस, सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. धागा कुठे पळून जात नाही.

एसवाय बीएस्सी, डोंबिवली

सकाळची फास्ट लोकल. ठाणे सुटलं की आमची गाडी एकदम घाटकोपरला थांबते. प्रॅक्टिकलची परीक्षा होती, जर्नल छातीशी धरलेलं. मुलुंडच्या आसपास हाताला मुंग्या आल्या, मग ओठांना. धडधड इतकी, की शेजारणीला ऐकू जात असेल असं वाटलं. श्वास घेतेय पण पुरत नाही. मनात एकच, आपण आता इथेच जाणार, या लेडीज डब्यात, आणि आईला फोन कोण करणार.

चौथ्या सीटवरच्या काकूंनी मला हाताला धरून खाली बसवलं आणि म्हणाल्या, “त्या जाहिराती वाच. मोठ्याने.” मी वाचायला लागले. घरबसल्या कमवा. मूळव्याधीवर खात्रीशीर इलाज. वाशीत वन बीएचके. घाटकोपर येईपर्यंत मी तीन वेळा मूळव्याध वाचली असेल. काकू उतरवून देऊन पुन्हा त्याच गाडीत चढल्या, नाव विचारायचं राहूनच गेलं.

परीक्षा बुडाली. ईसीजी नॉर्मल. डॉक्टर म्हणाले हार्ट ठणठणीत आहे, टेन्शन घेऊ नकोस. बस, संपलं! त्यानंतर तीन महिने मी स्लोने जायचे, कारण स्लो दर तीन-चार मिनिटांनी थांबते आणि उतरता येतं. जायला वेळ जास्त, घरी सांगायचे की फास्टला गर्दी असते. पण गंमत अशी, की जितकी स्लो पकडली तितकी फास्टची भीती वाढली. मग स्लोचीही वाटायला लागली.

शेवटी मावसबहिणीने एका मानसशास्त्रज्ञांकडे नेलं. त्यांनी सांगितलं याला पॅनिक अटॅक म्हणतात, साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग आपोआप उतरतो, त्याने हार्ट बंद पडत नाही. आणि आपण जितकं टाळतो तितकं ते पोसलं जातं. होमवर्क काय दिलं माहितीये? फास्टमध्ये बसायचं आणि अटॅक आला तर येऊ द्यायचा, घड्याळात बघत. पहिल्यांदा आठ मिनिटं मोजली. अजूनही कधीतरी होतं. मी अजूनही मूळव्याधच वाचते.

तासिका तत्त्वावरचा (तासांप्रमाणे पैसे) प्राध्यापक, वसई

प्राध्यापकीला लागणारी सेट आहे, नेट आहे, पीएचडी आहे. वय ३७. दोन कॉलेजात मिळून शिकवतो, एका ठिकाणी आठवड्याला नऊ तासिका. पैसे महिन्याच्या महिन्याला येतात असं ज्यांना वाटतं त्यांना साष्टांग नमस्कार. एका वर्षी जुलैपासून शिकवलेल्याचे पैसे फेब्रुवारीत एकदम आले. मे महिना म्हणजे शून्य.

मी साताऱ्याकडचा. गावच्या यात्रेच्या फ्लेक्सवर माझा फोटो असतो, नावामागे प्रा. डॉ. सरपंचाच्या शेजारी. त्याच वर्षी मी बायकोच्या भावाकडून घरभाड्यासाठी पैसे घेतले होते. त्या मे महिन्यात मी बारा-बारा तास झोपायचो, दाढी नाही, आंघोळ दोन दिवसांनी. मुलगी विचारायची, बाबा आजारी आहेत का. बायको सांगायची, पेपर तपासून दमलेत.

सगळ्यात वाईट म्हणजे मीही मेंटॉर आहे. टीवायची, शेवटच्या वर्षाची पोरं येऊन विचारतात, सर एमए करू का, नेट देऊ का? मी हसून म्हणतो, जरूर द्या. घरी जाताना स्वतःचीच लाज वाटते.

एका समुपदेशक बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, सर, आपण विचारांची पद्धत तपासून बघू. मी म्हटलं, मॅडम, विचार बरोबर आहेत, पगार चुकीचा आहे. त्या बिचाऱ्या हसल्या. पण झोपेचं गणित त्यांनीच बसवून दिलं, उठायची वेळ एकच ठेवायची, सुट्टी असो नसो. तेवढं श्रेय देतो. बाकीचं त्यांच्या हातात नव्हतं.

(धागाकर्ती: हे मी स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं. तिघे तासिकावाले होते. एक उठून पाणी प्यायला गेला तो तास सुरू होईपर्यंत आला नाही.)

टीवाय बीकॉम, मालाड

आईला वाटतं मी फोनमुळे असा झालोय. म्हणून फोन काढून घेतला. आता फोनपण नाही. हे ताईच्या फोनवरून.

इंजिनीअरिंग, चार केट्या (राहिलेले विषय), परळ

मी डायरेक्ट उपयोगाचं सांगतो. केईएम, नायर, सायन, जेजे, सगळीकडे मानसोपचाराची ओपीडी आहे. केसपेपर काढायचा आणि रांगेत बसायचं, बाहेर एका सेशनला जेवढे मोजतात त्याच्या पासंगालाही लागत नाही. सकाळी लवकर जा, रांग मोठी असते.

माझी भीती वेगळीच होती. आम्ही चाळीत राहतो. कुणी बघितलं तर? पप्पांना म्हटलं, कुणी विचारलं तर त्वचेच्या डॉक्टरकडे आलोय सांगा. आत गेलो तर बाकावर माझ्यापुढे आमच्याच कॉलेजच्या लायब्ररीतल्या मॅडम. ज्या माझ्याकडून फाइन घेतात. दोघांनी एकमेकांना बघितलं आणि दोघांनी भिंतीवरचं हात धुण्याचं पोस्टर वाचायला घेतलं. दहा मिनिटांनी पप्पा चहाला गेले, मला बाथरूमला जायचं होतं, तेव्हा मॅडम म्हणाल्या, “जा तू, फाईल ठेव इथे, नंबर मी बघते.” एवढंच. पुढच्या सहा महिन्यांत आम्ही त्यावर एक शब्द बोललो नाही. फाइन मात्र घेतातच.

डॉक्टरांनी आधी थायरॉइड आणि बी-१२ तपासायला लावलं, कारण त्यानेही असं गळून जायला होतं म्हणे. मग गोळ्या. स्पष्ट सांगितलं होतं की फरक पडायला दोन-तीन आठवडे किंवा जास्त लागतील, मनाने बंद करायच्या नाहीत. मी शहाणा, दहाव्या दिवशी बंद केल्या. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. गोळ्या लिहून देतात ते मानसोपचारतज्ज्ञ, बोलून उपचार करतात ते मानसशास्त्रज्ञ, हेही तिथेच कळलं. दोन केट्या सुटल्यात. एम-थ्री, म्हणजे तिसऱ्या गणिताची, अजून तशीच आहे, तिला गोळी नाही.

निवृत्त, विलेपार्ले

‘आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं’ असं माझे मित्र सकाळच्या फेरीला म्हणतात, त्यांच्यासाठी लिहितो.

१९८७. विद्यापीठाची परीक्षा सुरू होती. माझ्या वर्गातला एक मुलगा दोन पेपरांच्या मधल्या दिवशी गेला. दुसऱ्या दिवशी त्याच ब्लॉकवर सुपरव्हिजन माझं. त्याच्या बाकावर खडूने लिहिलेला सीट नंबर तसाच. मी नियमाप्रमाणे बाकावर प्रश्नपत्रिका ठेवली, अर्ध्या तासाने उचलली आणि तक्त्यात ‘गैरहजर’ लिहिलं. मागच्या बाकावरची मुलगी तीन तास त्या रिकाम्या जागेकडे बघत होती. तिने काय लिहिलं असेल देव जाणे. तिच्याशी मी काही बोललो नाही. प्राचार्यांनी सांगितलं होतं, विषय वाढवू नका.

घरच्यांनी अपघात सांगितला. तेव्हा प्रयत्न करून वाचलेल्यावरही भारतीय दंड संहितेच्या ३०९ कलमाखाली गुन्ह्याची धास्ती असायची, त्यामुळे सगळेच अपघात सांगत. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने हे बदललं. असा माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरायचं आणि सरकारने त्याच्या उपचारांची सोय करायची, असं तो कायदा म्हणतो. १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली, तीत ते जुनं कलम उरलं नाही. घरातली कुजबुज कायद्याने जात नाही, ती गोष्ट वेगळी.

तेव्हाही असायचं. आम्ही त्याला ‘गैरहजर’ म्हणायचो.

यवतमाळचा, होस्टेल

मराठी माध्यम, बारावीला जिल्ह्यात वरचा. इथं आलो आणि मुका झालो. वायवाला, तोंडी परीक्षेला, सगळं येत होतं, इंग्रजीत येत नव्हतं. सर म्हणाले, “यू डोन्ट नो द बेसिक्स.” मला बेसिक्सच तर येत होते! होस्टेलात पहिल्या दिवशी पोरं रँक विचारतात. रँक सांगितला की कॅटेगरी कळते, मग पुढचं बोलणं आपोआप बदलतं. मोठ्याने कुणी काही बोलत नाही, म्हणून तक्रार काय करणार?

कॉलेजात समुपदेशक होत्या. चांगल्या होत्या. पण त्या विचारायच्या इंग्रजीत, नाहीतर हिंदीत. मला जे होत होतं त्याला माझ्याकडे एकच शब्द होता, करमत नाही. मी हिंदीत म्हटलं, मन नहीं लगता. त्या म्हणाल्या, अभ्यासात? मी हो म्हटलं. मग त्यांनी मला अभ्यासाचं वेळापत्रक बनवून दिलं. रंगीत होतं.

एका रात्री फारच झालं तेव्हा १४४१६ लावला, मराठी निवडलं. पलीकडच्या ताईंना म्हटलं, करमत नाही. त्या म्हणाल्या, “कधीपासून?”

मी पाच मिनिटं नुसता रडलो असेन. त्या थांबल्या.

लॅब असिस्टंट, २६ वर्षं सर्व्हिस

मला टाईप जमत नाही, भाची लिहितेय. आम्हाला फॉर्म नसतो. पण कोण पोरगं डबा कुठे खातं ते आम्हालाच दिसतं. कँटीनमध्ये खाणारी बरी असतात. जिन्याखाली पंपाच्या खोलीजवळ एकटी बसून खाणाऱ्यांवर मी लक्ष ठेवतो. कधी सांगतो, जरा काचेच्या बाटल्या पुसायला ये, माणूस कमी आहे. माणूस कमी नसतो. बाटल्या पुसताना पोरं बोलतात, समोरासमोर बसवलं की बोलत नाहीत. सरांना सांगितलं तर सर म्हणतात लेखी द्या. काय लेखी देणार?

कॉलेजची समुपदेशक

वरच्या होस्टेलच्या मुलाचं वाचून रात्रभर खटकत राहिलं. ते रंगीत वेळापत्रक मीही दिलंय.

मी आठवड्यातून तीन दिवस असते, मुलं साडेतीन-चार हजार. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. आमच्याकडे एक आहे, म्हणजे कागद पूर्ण. माझी खोली परीक्षा विभागाच्या शेजारी, दार काचेचं. बाहेर केटीचे फॉर्म भरायची रांग. आत रडणारं मूल त्या रांगेला स्पष्ट दिसायचं. पडदा मागितला, मिळायला पाच महिने लागले. मधल्या काळात मी जुन्या प्रश्नपत्रिका काचेला चिकटवल्या होत्या.

दर महिन्याला माझ्याकडे येणाऱ्या मुलांची ‘नावानिशी यादी’ मागतात. मी आकडा देते, नावं देत नाही. यावरून दोनदा वाजलंय. आणि शिक्षक येतात. साडेचारनंतर, मुलं गेल्यावर, हातात पेनड्राइव्ह घेऊन, ‘तुमचा प्रिंटर चालू आहे का’ म्हणत. माझ्याकडे प्रिंटर नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

(धागाकर्ती: मी पेनड्राइव्ह नव्हता नेला, स्टेपलर मागायला गेले होते.)

धागाकर्ती, शेवटचं

मला पहाटे तीनच्या जागेपणातून बाहेर यायला आठ महिने लागले. गोळ्या, चालणं, आणि एका सेमिस्टरला परीक्षा समितीतून नाव काढून घेणं. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड गेलं. प्राचार्यांच्या केबिनबाहेर वीस मिनिटं उभी होते.

इतकी उत्तरं वाचल्यावर गेल्या गुरुवारी त्या कॉलेज सोडलेल्या मुलीचा नंबर मैत्रिणीकडून घेतला. काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं होतं, वर्गात जाताना टिपणं काढते तसं. तिने पटकन उचलला, म्हणाली, “मॅडम, कामावर आहे, रात्री करते.” म्हटलं, आता कसली करतेय. पावणेअकराला फोन वाजला. कागद शोधेपर्यंत तीच बोलायला लागली, आणि पहिली दहा मिनिटं ऑफिसमधून टीसी कसा काढायचा, हेच विचारत होती.