बळकट प्रमोटर बसवूनही प्रतिजैविक वाढत नाही, चूक कुठे?

प्रश्न (फोंडा)
चोडणच्या खाजणातील बांधाच्या मातीतून आम्ही स्ट्रेप्टोमायसिस या मातीतील जिवाणूचा एक वाण वेगळा केला आहे. बॅसिलस सबटिलिस या चाचणीच्या जिवाणूच्या थरावर तो 14 मिलिमीटरचे स्वच्छ वलय देतो, म्हणजे तेवढ्या भागात तो जिवाणू वाढत नाही. उत्पादन वाढावे म्हणून प्रतिजैविकाच्या जनुकसमूहातील नियंत्रक जनुकापुढे (समूहातील इतर जनुके सुरू करणाऱ्या जनुकापुढे) अर्म-ई स्टार हा बळकट प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा) बसवला. त्याच प्रमोटरला गस रिपोर्टर (प्रमोटर चालू असल्यास निळा रंग देणारे जनुक) जोडला, तेव्हा 24 तासांतच गडद निळा रंग आला. वलय मात्र होते तेवढेच राहिले. याहून बळकट प्रमोटर शोधावा का?

उत्तर (पणजी)
ताई, बळकटच हवा असेल तर कासओ स्टार आहे. स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलरच्या कासओ जनुकाच्या प्रमोटरमधून दमनकारी प्रथिनांची बंधनस्थळे काढून तो घडवला असून, अर्म-ई स्टारपेक्षा तो सरस ठरला आहे. तथापि 24 तासांचे मापन मला अपुरे वाटते, कारण या जिवाणूंत प्रतिजैविक बहुधा वाढ मंदावल्यावर तयार होते. आपण 48, 72 आणि 96 तासांनी आरएनए काढून नियंत्रक व संश्लेषक अशा दोन्ही जनुकांचे मापन करावे, आणि प्रमोटरविरहित प्लाझ्मिड (डीएनएचे छोटे कडे) घातलेला वाण तुलनेसाठी सोबत ठेवावा.

उत्तर (मडगाव)
मला शंका वेगळीच आहे: नियंत्रक जनुकात टीटीए हा कोडॉन (एका अमिनो आम्लाचा तीन अक्षरी संकेत) आहे का, हे आधी पाहावे. स्ट्रेप्टोमायसिसच्या डीएनएत जी व सी यांचे प्रमाण 70 टक्क्यांहून अधिक असल्याने हा कोडॉन विरळ असतो, आणि तो वाचून अमिनो आम्ल आणणारा टी-आरएनए बीएलडी-ए या जनुकातून येतो. सीलिकलरमध्ये अ‍ॅक्टिनोऱ्होडिन हे निळे प्रतिजैविक सुरू करणाऱ्या नियंत्रकातही तो आहे. हा टी-आरएनए कमी पडला, तर संदेशवाहक आरएनए कितीही बनला तरी प्रथिन पूर्ण होत नाही, आणि गस हे वेगळेच जनुक असल्याने त्याचा निळा रंग ही अडचण दाखवूच शकत नाही.

प्रश्नकर्ती
क्रम उघडून पाहिला. नियंत्रक जनुकात सुरुवातीपासून 39 व्या कोडॉनच्या स्थानी टीटीए आहे. इतके दिवस मी केवळ प्रमोटरच न्याहाळत होते! तो कोडॉन बदलून त्याच अमिनो आम्लाचा सीटीसी करून, प्रमोटर तोच ठेवून, नवे प्लाझ्मिड सोमवारी ई. कोलाय या जिवाणूमधून संयुग्मनाने (एका जिवाणूतून दुसऱ्यात थेट डीएनए जाण्याने) वाणात घालते. 72 तासांचे मापनही सोबत करीन.